फुकटचा डबा

हिलालच्या पोटात दुखायचं ते आईच्या वाढण्यावरून. तोताराम जामनेरकडचा, कॉलेजसाठी धुळ्यात यांच्याच घरी राहिलेला, आणि आई, यशोदाबाई, तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात टाकायची. परक्याचं लेकरू म्हणे! अन् पोटचं समोर बसलंय ते कोण? त्यात दोघंही पहिलवान, एकाच वजनाचे. तालमीत रोज माती खायची हिलालने, आणि जळगावच्या कॉलेजाविरुद्ध कुस्तीला निवड झाली तोतारामची.

सेहेचाळीस सालची गोष्ट. त्या कुस्तीवर बाजारात पैजा लागल्या होत्या. नरडाण्याचा कापूसवाला चिंधाशेठ जळगावच्या पोरावर पैसे लावून बसलेला. त्याने तोतारामला तालमीबाहेर गाठलं. पाठ टेकलीस तर हा तुपाचा डबा तुझा, वर सोन्याची अंगठी, म्हणाला. तोतारामने डबा तिथल्या तिथे परत केला आणि घरी येऊन हसत हसत एकट्या हिलालला सांगितलं.

हिलालला कसलं हसू येतंय! अंगाचा नुसता तिळपापड झाला. हरायलासुद्धा लोक यालाच विचारतात. आपल्याला विकत घ्यावं असं कुणालाच कसं वाटत नाही?

सकाळीच तो गल्लीतल्या वकीलनानांकडे गेला. पैसे देऊन खेळाडूला हरायला लावणं गुन्हा आहे का, असं आडून विचारलं. नाना म्हणाले, जुगार म्हणून पोलीस पैजवाल्यांना धरतील, पण खेळाडूला हरायला पैसे दिले तर त्याला सरळ कलम नाही. फसवणुकीचा खटला भरायचा, अन् तो टिकेलच असं नाही. कॉलेजला मात्र पुरावा लागत नाही, नुसत्या संशयावरून ते संघातून नाव काढून टाकतात. हिलालने तेवढंच कानात धरलं.

प्रिन्सिपॉलसाहेबांना त्याने सांगितलं, चिंधाशेठ डबा घेऊन तोतारामकडे आला होता. तोतारामला बोलावलं. डबा परत केला, हिलालला विचारा, असं तो म्हणाला. साहेब हिलालकडे वळले.

"परत करताना मी पाहिलं नाही," हिलाल म्हणाला.

खोटं नव्हतंच ते. तोतारामचं नाव खोडून तिथे हिलालचं लिहिलं गेलं.

जळगावला कुस्ती लागली आणि बघता बघता हिलालची पाठ मातीला लागली. चुगली कुणी केली ते बाजारात पोचलंच होतं. बाहेर चिंधाशेठ उभा. तोतारामला विकत घेऊ न शकलेला तोच डबा त्याने हिलालच्या हातात ठेवला.

"तो इकाना नही. तू फुकटमा काम करी दिधं. ले, हाऊ डबा तुनाच शे."

चार लोक बघत होते. हिलालने डबा काखेत मारला आणि घरची वाट धरली.

घरी तुपाचा डबा बघून यशोदाबाईला वाटलं, पोरगं जिंकून आलं. तिने पहिली भाकरी तुपात माखली आणि सवयीने तोतारामच्या ताटाकडे हात नेला. तो वळकटी बांधून गावी गेला होता, तिला खरं कारण न सांगता. परत येणार नाही, असं हिलालने खाली बघत सांगितलं. तिने ती भाकरी हिलालच्या ताटात ठेवली.

"खाय ना रे," ती म्हणाली, "आते तुनीच शे."