दामलेकाकांना पाठ असलेला प्रवेश

मंडळी, दुपारपासून माझं डोकं चालत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळात यंदा गणपतीत एक जुनं नाटक बसवतोय. क्लब, पार्ट्या, श्रीमंत जोडपी, आणि त्यातल्या एका नवऱ्याचं प्रेम आपल्या मित्रावर. बहुधा म्हणूनच इतकी वर्षं कुणी त्याला हात लावला नाही.

आज न्यू टाउनला माझ्या घरी पहिलं वाचन झालं. नवरा बायकोला सगळं सांगतो तो प्रवेश आला आणि सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. शेवटी मीच म्हटलं, "हा काढून टाकू या. समोर मुलं असतात."

तेवढ्यात दामलेकाका म्हणाले, "काढू नका. मी करतो."

बँकेतून रिटायर झालेले काका आजवर फक्त प्रॉम्प्टिंग करत आले. स्टेजवर या म्हटलं की हात जोडायचे! मी काकूंकडे बघितलं. वाटलं, त्या तरी थांबवतील.

काकू शांतपणे म्हणाल्या, "करू दे गं. पाठ आहे त्यांना."

काकांनी पुस्तक मिटलं आणि बोलायला लागले. एका वाक्यावर ते अडकले, तर पुढचे शब्द काकूंनी हळूच सांगितले. पुस्तक त्यांच्याही हातात नव्हतं.

प्रवेश ठेवलाय. उद्या पुन्हा तालीम आहे आणि दिग्दर्शक मी आहे. या दोघांना मी काय सांगायचं हो?