शेवंतासाठी उघडलेलं दार

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षी माझा देवावरचा विश्वास जवळजवळ उडाला होता. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. कळंबोलीच्या ट्रकतळाभोवती राहणाऱ्या, एड्सनं नवरा गेलेल्या बायकांचं आजारपण कोण काढतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. दिवसभर ते सगळं पाहून घरी यायचं आणि आईनं लावलेल्या दिव्यासमोर उभं राहायचं, हे मला खोटं वाटू लागलं. मी हात जोडणं सोडून दिलं.

त्या बायकांत साताऱ्याकडची शेवंता होती. ट्रक चालवणारा नवरा गेला आणि पाठोपाठ तीही अंथरुणाला खिळली. सासऱ्यांनी तिच्या मुलीला, चिमीला, गावी नेलं. एका दुपारी घरमालकानं तिचं सामान बाहेर काढलं. मी तिला रिक्षात घालून दवाखाने फिरले. कुणी खाट नाही म्हणालं, कुणी नुसतंच मागं सरलं. शेवटी घणसोलीत ओळखीच्या नर्सकडे गेले, तर दाराला कुलूप. शेवंताला उभं राहवेना, म्हणून तिला गावदेवीच्या देवळाच्या पायरीवर टेकवलं. मी आत पाहिलंसुद्धा नाही. मनात एवढंच आलं, आता तूच बघ, माझं संपलं.

तेवढ्यात देवळातून एक आगरी आजी बाहेर आल्या.

"काय झायलं गो? हिला बरा नाय का?"

मी शेवंताकडे पाहिलं. तिनं मान हलवली, तेव्हा मी आजाराचं नाव सांगितलं. आजी पायरी उतरून जवळ आल्या.

"हात लावला तर मना पन व्हईल का?"

"नाही आजी. शिवल्यानं, सोबत जेवल्यानं होत नाही."

"मंग उठव तिला. माजी मागची खोली रिकामी हाय."

घरात सून कुरकुरली, शेजारी बोलले. आजी मात्र पेज करून शेवंताजवळ बसत. शेवंताचं मागणं एकच होतं, "ताई, चिमीला एकदा आना की." मी साताऱ्याला गेले, पुन्हा गेले. सासरे रडले, पण नातीला पाठवेनात. "सून आमची वाईट न्हवती वो ताई. पर गावात कळलं तर उद्या हिच्याशी लगीन कोन करंल?" मी एकटीच परतले. दिवाळीच्या आधी शेवंता आजींच्या मांडीवर गेली. शेवटपर्यंत ती दाराकडे बघत होती.

पुढं विद्यापीठानं माझ्या संशोधनाचा गौरव केला. टाळ्या वाजत होत्या आणि मला ते दार दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी आजींकडे जाऊन रडले. म्हटलं, "देवीनं खोली दिली, मग पोर का नाही आणली?"

आजी म्हणाल्या, "मी पन रोज तेच मांगत व्हते गो. खोली माज्या हातान व्हती, ती दिली. पोर नव्हती माज्या हातान."

काही महिन्यांनी सासरे स्वतःच चिमीला घेऊन आले. घरात त्यांना झोप लागत नव्हती म्हणे. चिमीनं खोलीभर पाहिलं आणि विचारलं, "आई हितं झोपायची?" आजींनी तिला पोटाशी धरलं. सासरे उंबऱ्याबाहेरच बसून राहिले.

परतताना मी देवळात गेले. ती दुपार, त्या आजी, हे सारं कुणी घडवलं ते मला ठाऊक नाही, आणि आता ते विचारावंसंही वाटत नाही. शेवंताला छप्पर मिळालं, माणूस मिळालं, याबद्दल मी देवीचे आभार मानले. चिमी उशिरा आली, ही खंत गेली नाही; तीही तिच्याच पायाशी ठेवली. खूप दिवसांनी माझे हात आपोआप जोडले गेले होते.