बांध लागेल पायाला

बायको धावायला लागली ती डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं म्हणून. पुढे साखर आटोक्यात आली, तरी ती धावतच राहिली. ते कशासाठी, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. भिवंडीत माझं लूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि ती अंजूरकडच्या एका गोदामात डिस्पॅच बघते. ड्युटीच्या आधी, उभ्या कंटेनरच्या कडेकडेने ती पळायची. कुत्री अंगावर येतात म्हणून सुरुवातीला मी स्कूटरवरून मागे जायचो. मग कुत्र्यांना तिची सवय झाली आणि माझं काम संपलं.

एके दिवशी तिने बारा तासांच्या धावेत नाव घातलं. उजाडताना सुरू करायचं आणि दिवे लागेपर्यंत एकाच मैदानाला फेऱ्या मारायच्या. खायला-प्यायला द्यायला प्रत्येकाला एक माणूस बरोबर नेता येत होता.

"तुम्हीच या," ती म्हणाली. "मी दमलेय असं वाटलं की एवढंच म्हणायचं, बांध लागेल पायाला. दुसरं काही नको."

हे वाक्य तिच्या आईचं. माहेर अंबाडीच्या पुढे, बरंच आत. भाताची लावणी करताना माणूस वाकून मागे मागे सरकत जातं, त्यामुळे मागचा बांध दिसत नाही. पोरी कंटाळून विचारायच्या, आई, अजून किती? तेव्हा आई म्हणायची, "मागं बगू नको. बांध लागंल पायाला." गोदामातल्या मुली तिला मोबाईलवर जोश चढवणारी वाक्यं पाठवायच्या, उगवत्या सूर्याच्या चित्रावर लिहिलेली. ती अंगठा दाखवून सोडून द्यायची. पळताना तिला चालायचं ते फक्त हेच.

"आणि अजून एक," धावेच्या आदल्या दिवशी बटाटे सोलता सोलता ती म्हणाली. "दुपारनंतर मी म्हणेन, थांबवा मला. रडेनसुद्धा. ऐकायचं नाही."

"का?"

"कारण ती मी नसते. थकवा बोलत असतो."

मी बरं म्हटलं. उकडलेले बटाटे, मीठ, लिंबू, केळी असं सगळं पिशवीत भरलं.

सकाळ छान गेली. ती समोरून यायची, मी पेला पुढे करायचो, ती घोट घ्यायची आणि जायची. एकदा तर जाता जाता म्हणाली, "गॅस बंद केलाय ना?" मला हसू आलं. दुपार चढली तसा मैदानावरचा धुरळा तापला. माणसं चालायला लागली. तीही चालायला लागली. मी म्हटलं, "बांध लागेल पायाला." तिने मान हलवली आणि पुन्हा पळायला लागली. मला फार बरं वाटलं. दुकानात दिवसभर पिना आणि बेल्ट विकणारा माणूस मी. माझ्या तोंडच्या तीन शब्दांनी कुणी पळतंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मग ती ओकली. कठड्याला धरून ओकली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. पुढच्या फेरीला माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"न्हाय होत," ती म्हणाली.

घरी ती असं बोलत नाही. लग्नानंतर काही वर्षांतच तिचं बोलणं शहरातलं झालं होतं. हे माहेरचं 'न्हाय' मी फक्त बाळंतपणात ऐकलं होतं.

"बसतेस जरा?"

"तुमी मना बसवू नका. तुमी बोला."

मी बोललो. ती गेली. परत आली तेव्हा रडत होती. "चला घरी. खरंच चला." मी काय करायचं? ही ती होती की थकवा? आदल्या दिवशी बटाटे सोलणारीने मला बजावलं होतं, या रडणारीचं ऐकू नका म्हणून. दोघींचा चेहरा एकच. मी पुन्हा तेच तीन शब्द म्हटले. माझा मलाच राग आला. ती "गप ऱ्हा!" म्हणून ओरडली, म्हणून पुढच्या फेरीला मी गप्प राहिलो, तर थांबून म्हणाली, "बोलत का न्हाय?"

मैदानावर एक तरुण डॉक्टरबाई फिरत होत्या. त्यांनी तिला थांबवून खांद्याला धरलं.

"ताई, कुठून आलात?"

"बांध लागंल पायाला," ती म्हणाली.

"बरं. वार कोणता आज?"

"बांध लागंल पायाला."

"हे कोण, ओळखता?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तेच म्हणाली, अगदी समजुतीच्या सुरात, मीच दमलोय आणि तिने मला धीर द्यावा तसं.

डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "काय म्हणतायत या?" मला सांगताच येईना. शेत, लावणी, सासूबाई, कुठून सुरुवात करणार? मी नुसता पिशवी धरून उभा राहिलो. त्यांच्या दोन मदतनिसांनी तिला खाटेवर निजवलं, तर तिचे पाय चालतच होते. अंगातलं मीठ फार कमी झालंय, असं सांगून डॉक्टरबाईंनी तिला इस्पितळात पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ती पूर्ण शुद्धीवर होती आणि रागावलेली होती. सकाळी म्हणाली, "त्या बाईंना तुम्ही अडवलं का नाही? थोडंच राहिलं होतं." संध्याकाळी डोळे मिटून म्हणाली, "माझी अशी अवस्था झाली, तुम्ही मला थांबवलं का नाही?"

बरी झाल्यावर आम्ही तिच्या माहेरी गेलो. तिने आईला सगळं सांगितलं, ते वाक्यही. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "मी? मी कवा बोलले असं?"

"आई, लावणीला. दर वर्षी."

"न्हाय बा. मना न्हाय आठवत." आणि जावईबापूंना चहा टाक म्हणून लेकीलाच आत पिटाळलं. ती उठून गेली खरी, पण परतीच्या वाटेवर, भिवंडी येईपर्यंत, रस्त्याकडेच्या शेतांचे बांध बघत राहिली.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा नाव घातलं. या वेळी बरोबर धाकटी बहीण. मी विचारलं तेव्हा तिने जरा मायेनेच सांगितलं, "तुमचा चेहरा बघितला की मला तुमचीच काळजी वाटायला लागते हो."

त्या दिवशी मी दुकान उघडलं. गिऱ्हाईक "सेठ, ध्यान किधर है?" म्हणून विचारत होतं, आणि मी दर थोड्या वेळाने मोबाईल उलटा करून ठेवत होतो आणि पुन्हा सुलटा. ऊन चढलं तसं मला काही सुचेना. फोन केला नाही. करून विचारणार काय, आणि सांगणार काय?

संध्याकाळी मेव्हणीचा फोन आला. ताईने पूर्ण केलं म्हणाली. तिला फोन दे, म्हटलं.

"ती झोपलीय, भावोजी. इथेच, गवतावर. उठवू?"

"नको," मी म्हटलं. तिच्या मागे मैदानावर कुणीतरी मोठमोठ्याने नावं पुकारत होतं, ते फोन कानाला लावून ऐकत उभा राहिलो.