सतरा नंबरवाल्यांचा रविवार

किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. मी मास्तर होतो त्या वर्षांत आमच्याकडे भाव चढेल या आशेनं लोक कापूस घरातच भरून ठेवायचे, आणि मग घरच्यांनाच पाय पसरायला जागा उरायची नाही. माझ्या डोक्याचं तसंच झालं आहे. एक किस्सा कोपऱ्यात सारला की दुसरा अंगावर येतो. बायको म्हणते, "लिहून टाका एकदाचे, म्हणजे जेवताना तरी गप्प बसाल." म्हणून हे.

राळेगावच्या शाळेत मी गणित शिकवायचो. रविवारी त्याच शाळेत सतरा नंबरवाल्यांचा वर्ग घ्यायचो. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, घरी अभ्यास करायचा आणि एकदम दहावीच्या परीक्षेला बसायचं, अशी ती सोय. घरी किती अभ्यास होतो ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून हा वर्ग. आठवीच्या पोरांच्या बाकांवर चाळिशी-पन्नाशीची माणसं गुडघे आडवे करून बसायची. काही जण उभे राहिले की बाकही सोबत उठायचा.

*

पहिल्याच वर्षी फॉर्म तपासायला घेतले, तर निम्म्या वर्गाची जन्मतारीख एकच. एक जुलै. साल वेगवेगळं, तारीख तीच. मी स्वभावानं संशयी. म्हटलं, कोणीतरी एकट्यानं बसून सगळे फॉर्म रेटलेले दिसतात. वर्गात आवाज चढवला.

तेव्हा तुळशीरामजी उभे राहिले. पंचायत समितीत शिपाई. रिटायर व्हायच्या आत दहावी काढायची आणि क्लार्कच्या खुर्चीत बसायचं, एवढी त्यांची इच्छा. शांतपणे म्हणाले, "सर, शाळेत नाव घालाले नेलं तवा मास्तरनं मायले इचारलं, पोट्टा कवा झाला? माय म्हणे, तुरीच्या शेंगा भरल्या तवा. मास्तरनं लिहून टाकलं, एक जुलै."

"बरं, आणि या बाकीच्यांचं?"

"मास्तर एकच होता जी."

*

त्याच वर्गात कांताबाई होत्या. गावच्या अंगणवाडीत मदतनीस. तिथल्या सेविकाबाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. कांताबाई दहावी झाल्या तर ती जागा त्यांना मिळण्यासारखी होती. नाहीतर बाहेरची कोणी येणार, आणि यांनी जन्मभर खिचडीच शिजवायची. नववीत असताना लग्न झालं आणि शाळा सुटली होती. बाकी सगळ्या विषयांत बरी गती, पण गणित म्हटलं की चेहरा उतरायचा.

त्यांना वर्गाला यायची परवानगी एका अटीवर मिळाली होती. ती अट स्वतः सोबत आली होती. सासू, बयजाबाई. "सुनेनं एकटीनं एसटीनं फिराचं नाई. मी संग येईन." त्यांच्या मुलाची, म्हणजे कांताबाईंच्या नवऱ्याची, हरकत नव्हती. पण त्या घरात मुलाला विचारतं कोण?

बयजाबाई शेवटच्या बाकावर बसायच्या. मांडीवर घरच्या कापसाचं गाठोडं, आणि दुपारभर देवासाठी वाती वळणं चालू. मी एकदा म्हटलं, "मावशी, कंटाळा येत असेल तर बाहेर लिंबाखाली बसा."

"तुमी तुमचं शिकवा सर. माहं ध्यान नाई तिकडे."

*

दिवाळीनंतर वेचणी लागली की वर्ग ओस पडायचा. कांताबाई मात्र एक रविवार चुकल्या नाहीत. मी विचारलं, "अभ्यास कधी करता?" तर म्हणाल्या, वावरातच. कमरेला ओटी बांधून कापूस वेचता वेचता इतिहासाचा धडा मोठ्यानं म्हणत पुढे सरकायचं.

बयजाबाईंनी मागून तक्रार नोंदवली. "सर, दिवसभर आमच्या वावरात इंग्रजाचं राज चालू राह्यते. संगच्या बाया हात थांबवून इचारतात, मंग गेले का नाई इंग्रज? हे म्हणते, थो धडा उद्या हाये. आता मजूर उद्या याले तयार, पण आजचा कापूस झाडालेच."

*

त्या काळात कापसाच्या संकटावर बातम्या करायला बाहेरगावचे लोक गाड्या घेऊन जिल्हाभर फिरायचे. एका रविवारी असेच कॅमेरावाले शाळेत शिरले. मोठी माणसं खाली माना घालून बसलेली पाहून त्यांना हवं ते मिळाल्यासारखं वाटलं. वास्तविक माना चाचणी चालू होती म्हणून खाली होत्या.

त्यांच्यातल्या बाईंनी तुळशीरामजींपुढे माईक धरला. आवाज अगदी हळवा. "काका, परिस्थिती कशी आहे?"

तुळशीरामजींनी पेन ठेवलं. "बाकी ठीक हाये मॅडम. इंग्रजी लय कठीण जाऊन राह्यली."

ती बातमी कुठे लागली की नाही, मला माहीत नाही.

*

सराव परीक्षेत तुळशीरामजींचा मराठीचा पेपर पाहिला आणि मी चक्रावलो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी उत्तरं पानाच्या उजव्या अर्ध्यात. डावा अर्धा कोरा करकरीत. माझे वडील यवतमाळला कचेरीत होते, तरी माझ्या लवकर लक्षात आलं नाही.

"तुळशीरामजी, ही एवढी जागा का सोडली?"

"साहेबाच्या शेऱ्यासाठी जी."

माणसाची उभी हयात फायली नेण्या-आणण्यात गेली होती. प्रत्येक टिपणीत साहेबासाठी अर्धं पान सोडायचं, हीच त्यांना लेखनाची पद्धत माहीत. निबंधाच्या शेवटी 'आदेशार्थ सविनय सादर' असंही होतं. मला राहवलं नाही. मी त्या कोऱ्या अर्ध्यात लाल पेनानं शेरा मारला, 'फेरसादर करावे', आणि खाली सही केली.

त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. फार समाधानी दिसले.

*

परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी मी उंची आणि अंतराची गणितं घेतली. कांताबाईंना तीच छळायची. फळ्यावर मोठं झाड काढलं, लांब उभा असलेला माणूस काढला, त्याच्या डोळ्यापासून शेंड्यापर्यंत रेघ ओढली. कोन दिला, अंतर दिलं. काढा झाडाची उंची. मागे बयजाबाईंच्या हातातली वात अर्धीच राहिली होती. मला वाटलं, त्यांचा कान एसटीच्या हॉर्नकडे असेल.

आणि हॉर्न वाजलाच. त्यांच्या गावाकडची शेवटची गाडी. अर्धा वर्ग पळाला. मी म्हटलं, "उंची घरी काढा, पायऱ्या मागच्या गणितासारख्याच." कांताबाईंनी दारातून फळ्याला हात जोडले.

*

गणिताच्या पेपरला मी केंद्राच्या फाटकाबाहेर उभा होतो. आत जायची मला परवानगी नव्हती. घंटेला थोडाच वेळ उरला होता आणि कांताबाईंना फाटकातच अडवलेलं दिसलं. झालं होतं असं, की सकाळी बयजाबाईंनी हॉलतिकीट देवापुढे ठेवून त्याची पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, सगळं यथासांग. आणि ते सगळं फोटोवर! पुसायला गेल्या तर फोटोचा चेहराच लाल होऊन बसला.

पर्यवेक्षक म्हणाले, "ही बाई कोण आहे, कसं कळणार?" वर्षभराची मेहनत, ती अंगणवाडी, सगळं त्या एका लाल डागात अडकलं होतं. कांताबाई रडतही नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या.

बयजाबाई मला बाजूला सारून फाटकापाशी गेल्या. "साहेब, म्या लावलं कुंकू. देवाले चेहऱ्यालेच लावतात ना? का पाठीले लावतात?"

गडबड ऐकून केंद्रप्रमुख बाहेर आले. "मावशी, ही तुमची कोण?"

"सून."

"नक्की हीच?"

"हिले पाह्याले मीच गेलती. तवा कुठी फोटो होता?"

केंद्रप्रमुखांनी एकदा सासूकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि बाजूला झाले. घंटा झाली तेव्हा कांताबाई बाकावर होत्या. बयजाबाई फाटकाशीच खाली बसल्या. त्या दिवशी त्यांनी वाती आणल्या नव्हत्या.

*

निकाल लागला. कांताबाई पास झाल्या. गणितात अगदी काठावर, पण पास. मी शाळेच्या व्हरांड्यात एकटाच हसत उभा राहिलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तुळशीरामजींचं मात्र इंग्रजी राहिलं.

पुढच्या हंगामाचा पहिला रविवार. तुळशीरामजी सगळ्यात आधी हजर. "सर, फेरसादर झालो," म्हणाले, आणि बाक गुडघ्यावर घेतला.

थोड्या वेळानं एसटी थांबली आणि बयजाबाई उतरल्या. एकट्याच. दारात चप्पल काढली, माझ्या हातावर पेढा ठेवला. "कांताची आर्डर आली. सेविका झाली."

मला फार आनंद झाला. म्हटलं, "मावशी, पेढ्यासाठी एवढ्या लांब कशाला आलात? निरोप दिला असता तरी चाललं असतं. आता परतीची गाडी संध्याकाळीच आहे."

"माईत हाये," त्या म्हणाल्या. शेवटच्या बाकाकडे गेल्या, मग काय वाटलं कोण जाणे, परत फिरून तुळशीरामजींच्या शेजारी पहिल्या बाकावर बसल्या. गाठोडं मांडीवर घेतलं, पण सोडलं नाही. फळ्याकडे पाहिलं.

"सर, थ्या झाडाची उंची ऱ्हायली होती."