आमच्या सरांची सुरुवात

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांइतकी झकास सुरुवात करणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्या सुरुवातीनेच सगळ्यांचा जीव नकोसा करणाराही. बोईसरला एका प्रशिक्षणात कुणा तज्ज्ञाने सांगितलं, की सादरीकरणाच्या पहिल्याच मिनिटाला श्रोते मुठीत यायला हवेत. बाकीच्यांनी ऐकलं, चहा घेतला नि विसरून गेले. सरांनी मात्र व्रतच घेतलं. पुढच्या शिक्षण परिषदेत ते व्यासपीठावर गेले आणि नुसतेच उभे राहिले. मौनाने उत्सुकता वाढते म्हणे. उत्सुकता कसली, केंद्रप्रमुखांना वाटलं सरांना चक्कर येतेय. त्यांनी पाणी मागवलं, दोन शिक्षिकांनी वह्यांनी वारा घातला आणि सरांना खुर्चीत बसवूनच तो विषय संपला.

बेटेगावच्या परिषदेतली तऱ्हा त्याहून वरची. विषय ध्वनिप्रदूषण. सरांनी बोईसर स्टेशनवरून एक रिक्षावाला ठरवून आणला, खिडकीबाहेर उभा केला आणि सांगितलं, मी रुमाल काढला की हॉर्न वाजव. पण सरांना घाम भारी. रुमाल कपाळाला लागला की हॉर्न, मानेला लागला की हॉर्न. शेवटी मीच बाहेर जाऊन त्याच्यावर ओरडले, तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, रुमाल दिखा तो बजाया." आता कपाळ बडवण्यापलीकडे मी काय करणार होते!

पण गेल्या वर्षीचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमची शाळा घिवलीच्या बाजूला, किनाऱ्यावर, सातवीपर्यंतची. पालक तयार झाले तर आठवीचा वर्ग मिळणार होता. नाहीतर पुढची शाळा बोईसरला, आणि तेवढ्या लांब पोरींना कोण पाठवतंय? सातवी झालेल्या पोरी घरी बोंबील सुकवत बसणार, हे उघड होतं. होड्या किनाऱ्याला लागायच्या आत आयांची सभा उरकायची होती. मी सरांना हात जोडून सांगितलं, दोन वाक्यं बोला नि बसा.

बसतात कसले! आले ते डोक्यावर कापडाने झाकलेली मासळीची पाटी घेऊन. पाटी मधोमध ठेवली आणि मासळीचा लिलाव पुकारतात तसं पुकारायला लागले, बोला, बोली बोला. आत पोरींची दप्तरं होती. ती शेवटी दाखवून, पोरींचं शिक्षण एवढं स्वस्त आहे का, असं विचारायचा त्यांचा बेत. पण ज्यांचा जन्म लिलावात गेला, त्या बायका झाकल्या पाटीला भुलतात होय? वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीची आई पुढे सरकली नि म्हणाली, "सर, कापड काडा. माल बघितल्याबिगर आमी बोली लावत नाय." सरांना उत्सुकता ताणायची होती, तिला माल बघायचा होता. दोघंही हटेनात. तेवढ्यात होड्या लागल्याची हाक आली आणि बघता बघता सभा रिकामी झाली. आठवीचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

मी सरांना तोंडाला येईल ते बोलले.  ते तसेच किनाऱ्याकडे निघाले, मागोमाग मी. ती बाई मासळी निवडत बसली होती. सर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि थेट म्हणाले, "तुमची पोरगी हुशार आहे. आठवीला पाठवा."

तिने मान वर केली. "हे आदीच बोलायचं ना, सर. आमी काय नाय बोललो असतो?"

पाठोपाठ बाकीच्याही तयार झाल्या.

जूनमध्ये आठवी भरली. पहिल्या दिवशी पोरी डोळे मोठ्ठे करून बसल्या, आता सर काय करतात म्हणून. सरांनी फळ्यावर 'धडा पहिला' लिहिलं नि शिकवायला लागले. मधल्या सुट्टीत ती हुशार पोरगी माझ्याकडे आली आणि हळूच विचारू लागली, सर आमच्यावर रागावलेत का.  सरांचे हे प्रयोग थांबावेत म्हणून देवाला साकडं घालणारी मी, मीच त्यांना जाऊन म्हणाले, "उद्या काहीतरी करा हो."

सरांनी मान हलवली. "नको, बाई. त्या दिवशी माझ्या नाटकापायी या पोरी घरी बसल्या असत्या."

 एवढं शहाणं व्हायची काय गरज होती या माणसाला!