तांडेलबाबांची पांढरी रेघ

तांडेलबाबा रोज सकाळी नाव धुवायचे. दिवसभर पाण्यात राहणाऱ्या नावेला आणखी पाणी कशाला, हे आमच्या घाटावर प्रत्येकाने त्यांना एकदा तरी विचारलेलं होतं. "नदी बाहेरथीन धोस. मझारमा कोन धोई?" असं म्हणून ते काथ्याने आतल्या फळ्या घासत राहत. तरुणपणी ते नंदुरबारहून गाडीने सुरतेला आणि पुढे मुंबईला गेले, आगबोटीवर खलाशी झाले आणि बऱ्याच वर्षांनी तापीकाठी परतले. खलाशाचे तांडेल ते बहुधा परतीच्या गाडीत झाले असावेत, कारण बढती देणारा साहेब कोणी पाहिला नव्हता.

होळी झाली की नाव काठावर उलटी पडे. मग बाबा कापसाच्या वाती वळून फळ्यांच्या फटींत ठोकत आणि वरून राळ-तेलाचा लेप देत. एवढं तेल त्यांनी स्वतःच्या डोक्याला कधी लावलं नाही, अशी त्यांच्या बायकोची कायमची तक्रार होती. नावेच्या दोन्ही कडांना सुकवलेले भोपळे टांगलेले असत, कोणी पाण्यात पडलं तर धरायला. भाजी कधी करणार, असं आम्ही मुली विचारत असू.

पण खरी चेष्टा व्हायची ती रेघेची. आगबोटीला असते तशी एक रेघ त्यांनी नावेच्या अंगावर सफेद्याने ओढली होती. माणसं बसता बसता पाणी रेघेला टेकलं की पुढचा माणूस काठावर, मग तो पाटील का असेना. "पाणी कोनाच व्याही नही शे, भाऊ," एवढंच उत्तर मिळे.

ते उत्तर माझ्या लग्नात खऱ्या व्याह्यांना ऐकावं लागलं. सासर पैलतीरावरचं, मुहूर्त गोरज. वऱ्हाड पैलतीरीच्या घाटावर पोचलं तेव्हा ऊन कललं होतं आणि वारा सुटला होता. सासऱ्यांनी हट्ट धरला: नवरदेव, वाजंत्री, स्वतःचे तीन भरभक्कम भाऊ, सगळे एकाच खेपेत जाणार. वऱ्हाडाची वाटणी हा अपमान, नाहीतर आम्ही माघारी फिरतो. मी इकडे हळद लावून बसलेली. वऱ्हाड फिरलं असतं तर माझं पुढे काय झालं असतं, ते सांगायला नको. बाबांच्या नावेतून सामोरे गेलेले माझे वडील काकुळतीला आले. "आजना दिन रेघ ऱ्हाऊ दे, भाऊ," ते म्हणाले.

बाबांनी वाद घातला नाही. "बसा सगळा," म्हणाले. सगळे बसले. नाव खाली गेली, रेघ दिसेनाशी झाली, आणि वाऱ्याची एक लाट कडेवरून आत येऊन थेट सासऱ्यांच्या मांडीवर बसली. नवं धोतर कमरेपर्यंत भिजलं.

"नाव आजून खुंटाले बांधेल शे," बाबा शांतपणे म्हणाले. "सोडू का?"

सगळ्यांत आधी सासरे उतरले. पहिल्या खेपेला नवरदेव, भटजी आणि एक सनईवाला आला, मुहूर्त साधला. सासरे शेवटच्या खेपेला आले आणि माझ्या वडिलांचं धोतर नेसून जेवायला बसले. हा प्रसंग ते जन्मभर रंगवून सांगत. त्यांच्या सांगण्यात खेपा करायची कल्पना मात्र त्यांचीच असे.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. नावेत सासरची माणसं, करवली, माझी पेटी. पैलतीरापर्यंत सोबत यायचं वडिलांच्या मनात होतं. त्यांनी एक पाय उचललाही. बाबांनी रेघेला टेकलेलं पाणी पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाले, "भरनी." वडिलांनी पाय मागे घेतला. मला रडू आवरेना.

तेव्हा सासरे वाकले. त्यांनी स्वतः रेघ पाहिली, धोतर सावरलं आणि पाण्यात उतरले. "तुम्ही बसा, व्याही. मी मांगेतीन येस."

वडील पैलतीरापर्यंत माझा हात धरून बसले होते. तांडेलबाबांनी त्या दिवशी नाव फार हळू नेली.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात तांडेलबाबा गेले. निरोप आला तेव्हा सासरे ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता ठेवला, कोरडं धोतर खांद्यावर टाकलं आणि घरचं माणूस गेल्यासारखे नदीवर जाऊन अंघोळ करून आले.