आत्याच्या डबा टीव्हीवरचं बारसं

मी जळगावला एका कॉलेजात संगणक शिकवते. त्यामुळे नात्यात कुणाचा मिक्सर बंद पडला तरी फोन मलाच येतो. गेल्या वर्षी धरणगावच्या आत्याचा आला. तिच्या नातवाला परदेशात मुलगी झाली होती आणि पणतीचं बारसं आत्याला पाहायचं होतं. मोबाइलवर नाही.

"त्या बोटभर काचमा मले काय दिसी? टीव्हीवर लाव."

आत्याचा टीव्ही म्हणजे पाठीला कुबड असलेला जुना डबा. माझ्या लॅपटॉपला एचडीएमआयचं एकच चपटं भोक, आणि त्या डब्याला पिवळं, पांढरं, लाल अशी तीन गोल भोकं. मी बाजारातून एका टोकाला चपटी आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली वायर आणली. घरी माझ्या जुन्या टीव्हीला लावून पाहिली. पडदा काळा. परत गेले, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, नुसत्या वायरीनं नाही होणार. मधे सिग्नल बदलणारी डबी लागते." कॉलेजात काय शिकवते ते मी त्याला सांगितलं नाही.

बारशाच्या दिवशी डबी घेऊन धरणगावला पोचले. आत्या नवी पैठणी नेसून खुर्चीत बसली होती, मागे सतरंजीवर गल्लीतल्या दहाबारा बाया. मी लॅपटॉपवर नातवाला व्हिडिओ कॉल लावला, चित्र आणि आवाज फक्त टीव्हीकडे वळवले आणि पिना खोचल्या. पांढऱ्याच्या जागी पिवळी पिन गेली होती, म्हणून आधी चित्राऐवजी नुसती घरघर. ते निस्तरलं, पणती दिसली. मग चित्राच्या कडा कापल्या जाऊ लागल्या आणि पाळणा नेमका कडेला. सगळ्या बाया डावीकडे कलल्या, जणू टीव्हीच्या चौकटीआड वाकून बघता येईल. शेवटी नातवाला पाळणाच मधे ओढायला लावला.

आता आत्या टीव्हीकडे बघून बोलू लागली. लॅपटॉप मात्र बाजूच्या स्टुलावर.

"तो मनाकडे देखतच नही," आत्या चिडली.

"आजी, मला तुझा फक्त कान दिसतोय," नातू म्हणाला.

लॅपटॉप टीव्हीच्या डोक्यावर ठेवणं हाच उपाय होता. पण तिथे विणलेला रुमाल, आणि त्यावर काकांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, हार घातलेला फोटो. त्याला हात लावायची आमची कुणाची छाती नव्हती. शेवटी आत्या स्वतः उठली आणि फोटो उचलून कपाटावर ठेवत म्हणाली, "तुम्ही जराखा बाजूले बठा. पोरीनं बारसं शे."

मग सगळं जमलं. आत्यानं पाळणा म्हटला, तिकडे पणतीच्या कानात नाव सांगितलं गेलं, इकडे बायांनी टाळ्या वाजवल्या. बाळ पूर्ण वेळ झोपलेलं होतं. "येते रे बाबा," म्हणून आत्यानं टीव्हीचं बटण बंद केलं आणि आम्ही घुगऱ्यांवर तुटून पडलो.

घुगऱ्या खाता खाता आत्याला कंठ फुटला. "बारसाले कोणी काळी साडी नेसस का? नातसुनले कोणी सांगं नही?" मागून एकीनं बाळाच्या नाकावर मत दिलं, दुसरीनं नातवाच्या सुटलेल्या पोटावर. छान रंगलं होतं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. नातू होता. हसता हसता त्याला धाप लागली होती. "मी केव्हाचा ओरडतोय! आजीनं टीव्ही बंद केला, कॉल नाही. आम्ही सगळे ऐकतोय. बायकोसुद्धा."

मी टीव्हीच्या डोक्यावर पाहिलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा इवलासा दिवा आमच्याकडे टक लावून जळत होता. बायांनी घास तसेच धरले. आत्यानं मात्र तोंड पुसलं, पदर सारखा केला आणि टीव्ही पुन्हा लावला. पडद्यावर नातसून उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"आजी, साडी निळी आहे माझी. गडद निळी."

आत्यानं टीव्हीच्या कुबडावर एक सणसणीत थाप मारली.

"मी काय करू व माय? हाऊ मेला काळी दखाडस!"